मंद चालीची

नवाकशोत,
ऑगस्ट, दुसरा शुक्रवार, दुपारच्या नमाजानंतर

प्रिय तेकबेरताईस,

सलकाचा सलाम. तू बरी आहेस ना? काही त्रास नाही ना? ऊन कसं आहे? शेळ्या कशा आहेत? पाऊस झाला का, कुरण वर आलं का? यंदा खजुरांवर टोळधाड नाही ना उतरली? तंबूतली माणसं, तंबूबाहेरची माणसं, सगळी सुखरूप असोत. आमच्याकडे सगळं ठीक आहे, अल्लाची कृपा.

तू दोनदा फोन कापलास, म्हणून कागदावर लिहिते आहे. बूना उद्या पिकअप घेऊन तुमच्याकडे तिजिक्जाला निघतो आहे, त्याच्या हाती देते. तू फाडणार नाहीस एवढं मला माहीत आहे. लहानपणी पाटीवरची आयत तोंडपाठ झाल्याखेरीज तू पाटी धुवायची नाहीस. अर्धवट सोडणं तुझ्या स्वभावातच नाही.

तिस्लेम माझ्याकडे आहे आणि सुखरूप आहे. आधी हे सांगायला हवं होतं, पण शेळ्यांची चौकशी न करता मुद्द्यावर आले असते तर तूच म्हणाली असतीस की शहरात जाऊन सलकाला वळण उरलं नाही. ती मासे खात नाही. वास येतो म्हणते. तुझा मेहुणा सिदाती तिला चिडवतो, "बाई गं, उंटवाल्यांची पोर ती! समुद्र दाखवला तर विचारते, ही विहीर कुणी खणली?" त्यावर ती हसते, पण हसू चेहऱ्यावर यायला वेळ लागतो. सिदातीचा विनोद संपून तो चहाकडे वळलेला असतो, आणि मग ही हसते.

माझं रंगकाम चालू आहे. ईदला नेसायचे मेलहफे रंगवून झाले, आता लग्नात नेसायचे आहेत. कोपरापर्यंत हात निळे झालेत. तिस्लेम पिंपाजवळ चटई टाकून बसते आणि रंगवलेल्या कापडाच्या गाठी सोडवून देते. एक गाठ सोडवायला तिला किती वेळ लागतो ते मी बघत नाही. मी पिंपाकडे तोंड करून रंग ढवळत राहते.

दैजामावशीचा हात कसा आहे? बूना सांगत होता, ती सगळ्यांना सांगते की सांडणीने लाथ मारली. बरं. सांडणीनेच मारली असेल.

तुला न सांगता मी पोरीला घेऊन आले. खजूर उतरवताना देखरेखीला तुला उचलून बागेत नेलं होतं, आणि थांबायला वेळ नव्हता. तुला वाटतं मी तिला शहर दाखवायला आणलं, किंवा तिचं लग्न मोडायला. ताई, मी तिला इस्पितळात घेऊन गेले.

कुंबा नावाच्या डॉक्टरीणबाई आहेत, तिकडे दक्षिणेच्या नदीकाठच्या. हसतमुख, पण बोलणं सुरीसारखं. तिस्लेमला बघायला त्यांना फार वेळ लागला नाही. गाल दाबले, नखं बघितली, गुडघ्यावर हातोडी मारली. पाय उडायला हवा होता, तो जणू आधी विचार करून मग हलला.

"भुवया कुणी उपटल्या हिच्या?"

मी म्हटलं, "कुणी नाही. लग्नासाठी बारीक केल्या असतील."

"अर्ध्या गळून पडल्यात. आणि आवाज कधीपासून बसलाय?"

"तो... आमच्याकडे पिकलेला आवाज म्हणतात. मोठ्या घरच्या बाईचा."

"आणि एवढ्या उन्हाळ्यात अंगावर घोंगडी?"

"नाजूक आहे."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "बाई, तुमच्याकडे प्रत्येक दुखण्याला दागिन्याचं नाव आहे का?"

मग रक्त काढलं. चार दिवसांनी बोलावून एक लांबलचक फ्रेंच शब्द लिहिला आणि मला आपल्या भाषेत सांगितला. गळ्यात एक गाठ असते म्हणे, शरीराला चालवणारी. तिस्लेमची ती गाठ काम करत नाही. म्हणून सगळंच शरीर जेवढं हलायला हवं तेवढं हलत नाही. हृदय, आतडी, जीभ, विचारसुद्धा. "थोडक्यात, तुमची मुलगी मंद पडलीय," त्या म्हणाल्या. "बरीच वर्षं. कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

ताई, मंद म्हणाल्या त्या. हा शब्द कानावर पडला की हसायचं, मान ताठ करायची, एवढंच मला ठाऊक होतं.

आठव, साखरपुड्याला इसेलमूची आई काय म्हणाली होती. "आम्हाला मंद चालीची सून हवी, बाकी काही नको." आणि तू तिस्लेमला आत बोलावलंस. ती दारातून चटईपर्यंत यायला एवढा वेळ लागला की बायकांनी मध्येच गाणं धरलं: तंबूच्या दारात सकाळ झाली, चटईवर पोचता सांज. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माझ्यासुद्धा. आपण दोघी एका दुखण्याला ओवाळत होतो.

हाच शब्द आपल्या बाबांनी उंटाला लावला की तो उंट कसायाकडे जायचा. भावाला लावला की तो दिवसभर जेवायचा नाही. आणि म्बार्का? आपल्याएवढीच होती ती. तिची आई आपल्याकडे राबायची, म्हणून तीही राबायची. विहिरीवरून पाणी आणायला तिला उशीर झाला की मावशी ओरडायची, "मंद कुठली!" आणि उंटाचा चाबूक तिच्या पोटरीवर बसायचा. त्याच तंबूत, त्याच तोंडाने मावशी तुला म्हणायची, "माझी मंद गं, माझी मंद," आणि तुझ्या केसांना तूप लावायची. चाबूक खाली ठेवून, तोच हात तुपात. हे मला कधी विचित्र वाटलं नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घ्यायची आहे, जन्मभर. त्याने ती बरी होईल. पण लग्नाआधी लठ्ठ व्हावी म्हणून तिला पुन्हा दैजामावशीच्या तंबूत बसवून दुधाचे वाडगे पाजले, उठू दिलं नाही, तर हृदय थांबेल. "लग्नाच्या आधीच थांबेल, की नंतर, एवढंच मला सांगता येत नाही," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

म्हणून लग्न पुढच्या वर्षावर टाक. इसेलमूच्या घरी काय सांगायचं ते तू ठरव, तुला शब्द सुचतात. गोळीने ती अंगाने थोडी उतरेल, हेही सांगून ठेवते. उतरली तरी ती तुझीच आहे.

दैजामावशीला माझा सलाम सांग. किंवा नको सांगूस.

तुझी धाकटी,
सलका

नवाकशोत,
सप्टेंबरअखेर, बुधवार

तेकबेरताई,

सलाम. या वेळी शेळ्यांची चौकशी करत नाही.

बूनाने परवा तुझं उत्तर आणून दिलं. जुन्या मेलहफ्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं. मला वाटलं खजूर पाठवलेत. त्याच्या समोरच सोडलं, आणि आत मावशीच्या चिमट्याच्या त्या दोन काठ्या. एका टोकाला चामड्याची वादी, मध्ये घासून गुळगुळीत झालेली खोबण. बूना मान खाली घालून म्हणाला, "तेकबेरने सांगितलंय, सुरू केलंस ते पुरं कर. माझ्या लेकीच्या पायालाही लाव, म्हणजे ती आपल्या पायांनी घरी येईल." मग म्हणाला, "मी फक्त गाडी चालवतो, बाई." चहा न घेताच गेला.

म्हणजे मावशीने तुला खरं काय ते सांगितलं. सांडणीची गोष्ट परक्यांसाठी होती.

तर आता मीही सांगते. मागच्या पत्रात मी त्याच्याभोवती फिरत राहिले, विहिरीभोवती फिरणाऱ्या उंटासारखी.

मी गावात पोचले ती भर दुपार होती. मावशीच्या तंबूची कनात वर केली, आत दुधाचा आंबट वास. तिस्लेम दोन घोंगड्या पांघरून बसली होती. पुढ्यात लाकडी वाडगा. मावशी म्हणाली, "आलीस? बघ, बघ तुझ्या भाचीला! घोट थांबला की पायाला चिमटा लावते, तरी हूं का चूं नाही. तुझ्यासारखी रडकी नाही." तिने काठ्यांमध्ये तिस्लेमचा अंगठा धरून मला दाखवण्यासाठी दाबला. नख पांढरं पडलं, मग जांभळं. तिस्लेम माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, कधी आलीस?" अगदी सावकाश. जणू तो अंगठा शेजारच्या तंबूतल्या कुणाचा तरी होता.

मग मावशीने वाडगा तिच्या तोंडाला लावला. एक घोट. दुसरा. तिसरा घोट तोंडात असतानाच पोरीचे डोळे मिटले. ताई, ती बसल्या जागी झोपली. दूध नाकातून आलं, मग घशात अडकलं, आणि ओठ माझ्या या हातांसारखे निळे झाले. मावशी ओरडली, "जागी हो! सोंगं करते!" आणि तिने तिला उताणी ढकलून पायाचा चिमटा आवळला. दोन्ही हातांनी, दात खाऊन. पोरीचा श्वास अडकलाय आणि ही तिचा अंगठा चिरडते आहे! मी मावशीला ढकललं. तिस्लेमला पालथी केली, पाठीवर मुठी मारल्या, तोंडात बोटं घातली. दूध बाहेर आलं, रक्ताची रेघ होती त्यात, माझंच नख लागलं असावं. तिने श्वास घेतला. केवढा मोठा आवाज झाला त्या श्वासाचा.

इथपर्यंत जे झालं त्याची मला लाज नाही.

मावशी उठली. तिने वाडगा उचलला. तळाशी उरलं होतं ते, आणि चटईवर ओकलेलं, हाताने निपटून परत वाडग्यात घातलं. तुला आठवत असेल ते कसं करतात. आणि म्हणाली, "एवढं तर संपवावंच लागेल. लग्न आहे."

मी तिच्या हातातल्या काठ्या घेतल्या. तिची दोन बोटं त्यात धरली आणि दाबलं. ती आधी हसली. म्हणाली, "सलके, हा चिमटा बघूनच रडायचीस तू." मग हसायची थांबली. मी दाबतच राहिले. ती म्हणाली, "पोरी, पुरे." मी दाबलं. तिने माझ्या दंडाला चावा घेतला, अजून खूण आहे. मी दाबलं. लाकडातून एक कडक आवाज आला, वाटलं काठी मोडली. काठी नव्हती मोडली. दुसरं बोट मोडलं तेव्हा तो आवाज मी ओळखला आणि तरीही थांबले नाही. मला बरं वाटत होतं, ताई. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, सिदातीलाही नाही. ती म्हातारी माझ्या पायाशी गुरासारखी ओरडत होती आणि मला भूक लागल्यावर भाकरी मिळावी तसं वाटत होतं.

तिस्लेमने मला थांबवलं. "मावशी," ती म्हणाली, "आजीला दुखतंय."

मग मी बूनाला गाडी आणायला लावली.

बोटं मोडली ती माझ्या हातून, त्यासाठी तुम्ही जमातीत जो निवाडा कराल तो मी ऐकेन. म्हातारीचा हात आयुष्यभर वाकडा राहील, तो वाकडेपणा माझा. पण पोरगी त्या निवाड्यात देणार नाही.

आता तिचं सांगते. पहिले काही दिवस ती गोळी जिभेखाली ठेवून निळीच्या पिंपात थुंकायची. मी पकडलं तेव्हा म्हणाली, "आज मी वाटेने गेले की सगळे वळून बघतात. वाळले तर कोण बघेल?" मी दुसरी गोळी तिच्या हातावर ठेवली. नंतर रोज सकाळी समोर बसून गोळी गिळेपर्यंत मी तिच्या तोंडाकडे बघत बसायची, दैजामावशी बसायची तशीच. तेही मला कळत होतं. काठी नव्हती हातात, एवढाच फरक.

मग तुझं गाठोडं आलं. बूना गेल्यावर मी काठ्या उकिरड्यावर टाकायला उचलल्या, तर तिस्लेम म्हणाली, "दे इकडे." चटईवर बसली, अंगठा खोबणीत ठेवला. मी म्हटलं, "काय करतेस, वेडे?"

"बघते. आजी दाबायची तेव्हा काही कळायचंच नाही. मला वाटायचं मी धीराची आहे."

आणि तिने दाबलं.

ताई, ती किंचाळली. गल्लीतल्या शेळ्या बिचकल्या. सिदाती हातातला पेला टाकून धावत आला. तिस्लेमने अंगठा दोन्ही हातांत धरला होता, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि ती ओरडत होती, "दुखलं! मावशी, दुखलं मला!" सिदाती म्हणाला, "दुखणारच, गाढवे, नाहीतर काय गुदगुल्या होतील?" त्यावर ती हसली. लगेच. त्याचं बोलणं संपायच्या आत.

त्या काठ्या सिदातीने चहाच्या शेगडीत घातल्या. पहिला पेला कडू झाला, दुसरा बरा, तिसऱ्यापर्यंत वादीचासुद्धा वास गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या आधी उठून तिने गोळी मागून घेतली.

आणि काल इसेलमूचे दोघे भाऊ आले. तूच पाठवलेस, की तुला न विचारता आले, मला माहीत नाही. माहीत करून घ्यायचंही नाही. बाहेर गाडी चालूच ठेवली होती. मोठा म्हणाला, "बाई, नवरी द्या. वरात निघायची वेळ झाली." मी म्हटलं, "नवरी आजारी आहे." धाकटा म्हणाला, "आजारी? मंद आहे म्हणून तर आम्ही मागितली!" आणि हसला. सिदाती दारात आडवा उभा राहिला, तर त्याला गुडघ्याने पोटात मारलं. तो खाली बसला, मग तोंडावर मारलं. त्याचा पुढचा दात गेला. मी मधे पडले, माझा ओठ फाटला. त्यांनी पिंपं उलथली, अंगणभर निळं पाणी, त्यात लग्नाचे मेलहफे, त्यात सिदातीचं रक्त. खोल्या शोधल्या, बिछान्याखाली शोधलं, पाण्याच्या टाकीतसुद्धा डोकावले.

तिस्लेम मिळाली नाही. मागच्या दाराने ती गल्लीत गेली होती. एकटी, अनवाणी, हातात गोळ्यांची डबी. शेजारची बाई नंतर म्हणाली, "तुझी भाची केवढ्या झपाट्याने गेली गं! मला वाटलं दुसरीच कुणी." हे ऐकताना फाटक्या ओठाने मी हसले, आणि फार दुखलं.

मोठ्याने माझी मान धरून विचारलं, "कुठे आहे?" मी म्हटलं, "लपवली आहे. नवरीला लपवायची आपली रीत नाही का? शोधा. नवऱ्याकडच्यांनीच शोधायची असते." त्याचा हात सैल पडला. रीतीपुढे त्याला काय बोलावं सुचेना. जाताना धाकट्याने दाराला लाथ मारली, एवढंच.

तर इसेलमूच्या आईला तूही तेच सांग: नवरी मावशीने लपवली आहे. सापडेपर्यंत लग्न नाही. कुणाचीही मान खाली जाणार नाही, आणि खोटंही बोलावं लागणार नाही.

रात्री मी तिला गाठलं आणि सुरक्षित ठेवलं आहे; कुठे ते मी कागदावर लिहीत नाही. तू ये. एकटी ये. तुझे गुडघे आता तंबूच्या दारापर्यंतही नेत नाहीत, हे मला ठाऊक आहे. बूना तुला उचलून गाडीत बसवेल, मी त्याला तसं सांगितलं आहे. ते गुडघे असे का झाले, तेही मला ठाऊक आहे.

आपण त्यावर कधी बोललो नाही. लहानपणी मावशीच्या तंबूत मी सारखी ओकायची. मावशी म्बार्काला मारायला बाहेर गेली की तू माझा वाडगा ओढून घ्यायचीस, एका दमात पिऊन टाकायचीस आणि रिकामा माझ्या पुढ्यात ठेवायचीस. नंतर तुझा वाडगा. मावशी आत येऊन म्हणायची, "बघा, धाकटीनेही संपवलं!" तू ओठ पुसायचीस. रात्री पोट धरून तळमळायचीस, आणि मी विचारलं की म्हणायचीस, "झोप गं, काही नाही." मी बारीक राहिले, शहरात आले, माझे पाय मला हवे तिथे नेतात. दोन पोरींचं दूध तू एकटीने प्यायलीस. म्हणून तू मंद झालीस, तुला मोठं स्थळ आलं, गाणी झाली, आणि आता तू उठू शकत नाहीस.

त्या दिवशी तंबूत मावशीला ओकलेलं परत वाडग्यात भरताना मी बघितलं, तेव्हा मला तिथे तू दिसलीस. तिस्लेम नाही. मी बोटं मोडली ती तुझ्यासाठी, फार उशिरा.

माझ्यावरचा राग सोडू नकोस, घेऊन ये. लेकीला एकदा चालताना बघ, मग काय ते बोल.

जिच्या वाट्याचं दूध तू प्यायलीस, ती
सलका